एक मात्रा, दोन वह्या

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन वह्या उघडलेल्या असतात. एक भाचीची, मराठी व्याकरणाची. दुसरी शेजारच्या मुलाची, तबल्याची. तो गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' परीक्षेची तयारी करतोय. एकदा भाचीनं विचारलं, "मावशी, 'पहाट'मध्ये मात्रा किती गं?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "एकही नाही. मात्रा 'मेघ'वर असते." मग त्याचं त्यालाच कोडं पडलं. "पण तीनतालात 16 असतात. त्या वेगळ्या ना?"

त्याचं चुकलं नव्हतं. मराठीत हा शब्द फार ठिकाणी राबतो. अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ मात्रा, वैद्य उगाळून देतो ती मात्रा, आणि आमच्या सासूबाईंपुढे कुणाची चालत नसे तीही मात्राच. पण कवितेतली मात्रा आणि तालातली मात्रा ही जोडी मात्र वेगळी नाही. दोन्ही वेळच मोजतात. एक ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ म्हणजे कवितेतली मात्रा, आणि ठेक्याचं एक पाऊल म्हणजे तालातली. शाळेत एक मराठीच्या तासाला भेटते, दुसरी संगीताच्या क्लासला, आणि त्या दोघींची ओळख करून द्यायचं कुणाच्याच अभ्यासक्रमात नसतं. ती आपण घरी करून द्यायची. त्याला पेटी-तबला लागत नाही. हात लागतात, आणि बोटांनी वाजवता येईल असं टेबल.

आधी लघू-गुरू. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर ज्या अक्षरात असतील ते लघू, त्याची एक मात्रा. बाकी स्वरांची अक्षरं गुरू, त्यांच्या दोन. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षरही गुरू. वहीत लघूला खालच्या बाजूनं फुगलेली वाटीसारखी खूण करतात, गुरूला आडवी रेघ. (गंमत अशी, की 'लघू' शब्दाचं दुसरं अक्षर गुरू आहे आणि 'गुरू' शब्दाचं पहिलं अक्षर लघू. मुलांना हे सांगितलं की नियम निम्मा पाठ होतो.) मी खुणा नंतर शिकवते. आधी टेबलावर बोटं. एका मात्रेला एक टिचकी: 'प' म्हणताना एक, 'हा' म्हणताना दोन, 'ट'ला एक. पहाट म्हणजे चार.

मग चार मात्रांचे शब्द गोळा करायला लावायचे. हा खेळ पोरांना सोडवत नाही. काका, मांजर, पहाट, खिडकी, गडबड. पाचही शब्द चार मात्रांचे, पण चाल प्रत्येकाची निराळी: गुरू-गुरू, गुरू-लघू-लघू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू आणि चारही लघू. सहावी चाल शोधून दाखवा म्हटलं की पंधरा मिनिटं घरात शांतता. सहावी नाहीच. एक मात्रा भरायची रीत एक, दोन मात्रांच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ. आधीच्या दोन संख्यांची बेरीज केली की पुढची मिळते. हे गणित आपल्याकडे छंद मोजणाऱ्यांनीच मांडलं. विरहांकानं सांगितलं, आणि बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनीही. युरोपात ज्याच्या नावानं या संख्या ओळखल्या जातात त्या फिबोनाचीचं पुस्तक 1202 सालचं, म्हणजे हेमचंद्रांच्या नंतरचं. गणिताचा अभ्यास राहिलेला असेल तर हे जरूर सांगावं, मराठीच्या नावाखाली तोही थोडा होऊन जातो.

आता जोडाक्षर. इथे पुस्तक एक ओळ सांगतं आणि मुलं त्या ओळीवर घसरतात. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, पण केव्हा? त्याच्यावर आघात आला तर. 'पुस्तक' म्हणून बघा. 'पु'वर जीभ आदळते, पुस्-तक. तो 'पु' गुरू. आता 'पुन्हा' म्हणा. इथे 'पु' हलकाच राहतो, 'न्' पुढच्या 'हा'ला चिकटलेला येतो. हा 'पु' लघू. तुम्ही, तुझ्या यांतला 'तु'ही लघूच. नियम डोळ्यांनी लावला तर चुकणार, कारण कागदावर दोन्हीकडे जोडाक्षरच दिसतं. कानाला विचारलं तर तो लगेच सांगतो. वृत्तांचं प्रकरण हा माझ्या मते कानाचा अभ्यास आहे, आपण तो नाहक डोळ्यांवर लादलाय.

ही चूक मीही केली आहे. भाचीला पहिल्यांदा शिकवायला बसले तेव्हा मी सरळ 'यमाताराजभानसलगा' पाठ करून घेतलं. सूत्र मोठं चतुर आहे. त्यातली लागोपाठची कुठलीही तीन अक्षरं घ्यायची: यमाता म्हणजे लघू-गुरू-गुरू, हा य गण, मातारा म्हणजे तिन्ही गुरू, हा म गण, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. तीन अक्षरांचे आठच गण होऊ शकतात आणि दहा अक्षरांच्या या शब्दात ते आठही एकेकदा येऊन जातात. तिनं आठ गण धडाधडा म्हणून दाखवले. आणि कवितेची ओळ पुढे ठेवली तर पेन्सिल चावत बसली. सूत्र पाठ होतं, ओळ ऐकूच येत नव्हती.

म्हणून आता उलट्या बाजूनं सुरुवात करते. एक साधी ओळ, घरातलीच, मुद्दाम रचलेली:

दुधाच्या कपाला पुन्हा साय आली

आधी तीन-चारदा नुसती म्हणायची. मग बोटांनी टिचक्या. दु-धा-च्या, ल-गा-गा. क-पा-ला, ल-गा-गा. पु-न्हा-सा, पुन्हा ल-गा-गा. य-आ-ली, परत तेच. चार वेळा य गण, बारा अक्षरं, सहाव्या अक्षरावर श्वास घ्यायची जागा, म्हणजे यती. हे भुजंगप्रयात. समर्थांचे मनाचे श्लोक, सगळे 205, याच वृत्तात आहेत, त्यामुळे चाल मुलांच्या कानावर आधीच असते, फक्त तिला नाव नसतं. गझल लिहिणारी मंडळी अशा मांडणीला लगावली म्हणतात आणि 'लगागा लगागा लगागा लगागा' असंच म्हणून दाखवतात. मला ही रीत गणांच्या तक्त्यापेक्षा शिकवायला सोपी वाटते. परीक्षेत गण विचारतात, तेव्हा ते शेवटी लिहायचेच आहेत, पण शेवटी.

या ओळीत दोन खड्डे मी मुद्दाम ठेवलेत. एक 'पुन्हा'चा, तो वर आलाच. दुसरा 'साय'चा. भाचीनं पहिल्यांदा टिचक्या मारल्या तेव्हा तिची अकराच अक्षरं भरली. परत म्हटली, परत अकरा. मग माझ्या लक्षात आलं, ती बोलते तसं म्हणत होती: साय् आली. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो. लिहितो घर, बोलतो घर्. वृत्तात तो गिळायचा नाही, 'य' पुरता म्हणायचा. मनाचे श्लोक म्हणणाऱ्या आजीच्या तोंडी शब्द जरा जुने, सुटेसुटे वाटतात ते त्यामुळे. शिवाय 'साय' मधोमध तुटून 'सा' एका गणात आणि 'य' दुसऱ्यात जातो, त्याचाही मुलांना धक्का बसतो. गण शब्दांची पर्वा करत नाहीत, हे एकदा स्पष्ट सांगून टाकावं.

माझ्या भावाची मुलगी अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत जाते. अक्षर-अक्षर लावून वाचते, 'सा-य-आ-ली'. व्हिडिओ कॉलवर तिनं ही ओळ पहिल्या फटक्यात बरोबर म्हटली आणि इथली मॅडम चिडून बसली.

आता तबल्याची वही ओढून घेऊ. ल-गा-गा म्हणजे 1 अधिक 2 अधिक 2, पाच मात्रा. चार गणांच्या वीस. शेजारचा मुलगा म्हणाला, "वीस म्हणजे झपतालाची दोन आवर्तनं." बरोबर. झपताल 10 मात्रांचा: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. विभाग 2-3-2-3. टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, खाली सहाव्या. पण ओळ समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, सुरू केली तर ती तालात रुतते, 'धा'चा मधला भाग विभागाच्या फटीत अडकतो. कारण आपला गण 3 अधिक 2 आहे (ल-गा, मग गा) आणि झपताल 2 अधिक 3. तेव्हा ओळ तिसऱ्या मात्रेपासून उचलायची. 'दुधा' तीन मात्रांच्या विभागात, 'च्या' खालीच्या दोन मात्रांत, 'कपा' पुढच्या तिनांत, आणि 'ला' थेट समेवर. दुसऱ्या आवर्तनात तसंच 'पुन्हा', 'सा', 'य आ', आणि 'ली' समेवर. म्हणजे यतीचं सहावं अक्षर आणि चरणाचं शेवटचं अक्षर, दोन्ही समेवर येऊन बसतात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा दोघांनी टेबल एवढं बडवलं की चहाचा कप कलंडला. यावरून मनाचे श्लोक झपतालातच म्हणावेत असं कुणी समजू नये. घरोघरी ते आपापल्या लयीत, दीर्घ अक्षर हवं तेवढं लांबवून म्हटले जातात, आणि तेच त्यांना शोभतं. इथे आपण फक्त मोजणी ताडून बघतोय.

सगळीच वृत्तं अशी तालाच्या मांडीवर बसत नाहीत, ओढूनताणून बसवायच्या फंदातही पडू नये. मंगलाष्टकांचं शार्दूलविक्रीडित 19 अक्षरांचं, म-स-ज-स-त-त-ग. लग्नात अक्षता हातात घेऊन ते प्रत्येक मुलानं ऐकलेलं असतं. बाराव्या अक्षरावर भटजी कुठे थांबतात ते आठव म्हटलं की यती सापडते. तेवढं पुरे.

तालाशी खरी मैत्री आहे ती मात्रावृत्तांची. बालकवींची 'फुलराणी' पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. तिच्या ओळी 16 मात्रांच्या, आठ-आठच्या दोन तुकड्यांत. तीनतालही सोळाच. आपण आपली ओळ घेऊ:

खिडकीमधुनी मांजर बघते

खिडकी चार, मधुनी चार, मांजर चार, बघते चार. तीनतालाचे चार विभाग, प्रत्येकी चार मात्रांचे. आता हातानं ताल द्यायचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात उलटा करून बाजूला, ती खाली. 'खि'वर सम, 'म'वर टाळी, 'मां'वर खाली, 'ब'वर टाळी. मधल्या मात्रा करंगळीपासून बोटांवर मोजायच्या. ठेका म्हणायचा असेल तर: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. इथे एक बारकावा. खाली नवव्या मात्रेवर दाखवतात, पण नववा बोल 'धा'च आहे. डग्ग्याचा घुमारा थांबतो तो दहाव्या मात्रेला, आणि परत येतो चौदाव्याला. म्हणजे हात आणि डग्गा एकेक मात्रा पुढेमागे चालतात. 'खाली म्हणजे डग्गा बंद' असं पाठ केलेलं मूल नेमकं इथे अडखळतं, आणि चूक त्याची नसते.

या ओळीत साय-प्रकरण होत नाही, तेही पाहण्यासारखं आहे. बोलताना आपण खिड्की म्हणतो, 'ड'चा अ गिळतो. पण मग 'खि'वर आघात येऊन तो गुरू होतो: 2 अधिक 2, चारच. एक मात्रा इकडची तिकडे गेली, बेरीज तीच. अक्षरगणवृत्त अक्षर मोजतं म्हणून गिळलेलं अक्षर तिथे पकडलं जातं; मात्रावृत्त वेळ मोजतं, त्याला उच्चाराची ही ढिलाई चालते. बोलगाणी आणि बडबडगीतं जिभेवर इतकी सहज बसतात त्यामागे हेही एक कारण असावं, असं मला आपलं वाटतं.

आता या ओळीला सूर लावू. भातखंड्यांच्या लिपीत गाण्याचं अक्षर लांबलं की पुढे अवग्रह मांडतात, सूर लांबला की आडवी रेघ. म्हणजे आपल्या गुरूची दुसरी मात्रा म्हणजेच तो अवग्रह:

सा रे ग – | ग प ध – | सां – ध प | ग रे सा –
खि ड की ऽ | म धु नी ऽ | मां ऽ ज र | ब घ ते ऽ

सूर भूपाचे, पाचच: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य, त्यामुळे कोमल-तीव्राची भानगड नाही आणि पहिल्या वर्षाच्या मुलालाही म्हणता येतं. खालीवर मांजर वरच्या षड्जावर उडी मारतं. ते 'सां' म्हणजे तार सप्तकातला सा. हातानं लिहिताना डोक्यावर टिंब देतात, मंद्र सप्तकाला पायाशी. शेजारच्या पठ्ठ्यानं ते टिंब अनुस्वार समजून 'सांऽऽ' असं नाकात म्हटलं, चार दिवस. कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ, या खुणा वेलांटी-उकारांच्याच जातीच्या. लिहिताना वेलांटी खाणारं मूल हमखास या रेघाही खातं, तेव्हा दोन्ही वह्या एकत्रच तपासाव्यात.

पट्टी कुठली घ्यायची? ज्या पट्टीत मुलाचा खालचा सा आणि वरचा सा, दोन्ही न ओरडता लागतात ती. क्लासमध्ये सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावतात, ती तिथली अडचण. घरी ती नाही.

शुद्धलेखनालाही ही टिचक्यांची सवय उपयोगी पडते. मूल, पण मुलाला. फूल, पण फुलाला. बहीण, पण बहिणीला. नियम पुस्तकात आहे: अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, प्रत्यय लागून तो मागे पडला की ऱ्हस्व. नियम म्हणून सांगितला तर मुलं जांभया देतात. 'मूल' म्हणताना दोन टिचक्या आणि 'मुलाला' म्हणताना 'मु'ला एकच पडते, हे हातालाच कळतं. गुण, विष असे संस्कृतातून तसेच आलेले शब्द याला अपवाद, ते पाठ करावे लागतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार तर आपण दीर्घच उच्चारतो, म्हणून पाणी, कवी, गुरू. 'आणि'सारखे थोडे शब्द तेवढे ऱ्हस्व राहिले.

अभंगाचं मोजमाप आणखी वेगळं. तिथे मात्रा नाही, लघू-गुरू नाही, नुसती अक्षरं. मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं. मागच्या जुलैत भाची भिजून आली त्या संध्याकाळी आम्ही रचला:

माझ्या दप्तरात
शिरले हे पाणी
आता कोण आणी
नव्या वह्या

'प्त' जोडाक्षर असलं तरी एकच अक्षर. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरं आठांत कशी भरायची? चार अक्षरांना एकेक मात्रा, शेवटच्या दोघांना दोन-दोन: मा झ्या द प्त राऽ तऽ. शेवटच्या तुकड्यात चारच अक्षरं, म्हणून प्रत्येकाला दोन: नऽ व्याऽ वऽ ह्याऽ. चार तुकडे, चार आवर्तनं. बसवायच्या आणखीही रीती आहेत. टाळ घेऊन दिंडीत चालणाऱ्या माणसाला त्या कुणी मोजून शिकवलेल्या नसतात.

परवा मुलानं मांजराच्या ओळीला पुढची ओळ आणली, स्वतःची:

शेपुट हलवुन हळूच निघते

आम्ही टिचक्या मारल्या. शेपुट चार, हलवुन चार, हळूच चार, निघते चार. तीनतालात चपखल. भाचीनं वही ओढली आणि लाल पेन उचललं. "शेपूट दीर्घ असतं. हलवूनही."

तिचंही बरोबर होतं. पण दीर्घ केलं तर पाच आणि पाच, सोळाच्या अठरा मात्रा होतात आणि मांजर सम चुकतं. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच त्यावर तोड आहे: पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची तेवढ्यापुरती मोकळीक कवीला आहे. मी तो नियम काढून दाखवला. तिनं तो दोनदा वाचला आणि लाल पेनाला टोपण लावलं.

"मग मी काय लिहू?" त्यानं विचारलं.

"निबंधात शेपूट, गाण्यात शेपुट."

त्यानं तबल्याच्या वहीत 'शेपुट' लिहिलं, आणि भाचीनं व्याकरणाच्या वहीत, त्याला दिसेल असं मोठ्या अक्षरात, 'शेपूट'.